पेन्सिल कागदाची असो, पण ती संपवा



ज्येष्ठ शुद्ध पंचमी, म्हणजे श्रुतपंचमी, जवळ आली की आमच्या अमरावतीच्या महिला मंडळात एक प्रश्न ठरलेला असतो. पाठशाळेतल्या मुलांना यंदा काय द्यायचं? जिनवाणीची पूजा झाली, शास्त्रांची वेष्टनं बदलून झाली की मुलांच्या हाती वही-पेन्सिल ठेवायची, ही आमची जुनी रीत. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे ही भेट मुलांच्या अगदी वेळेवर कामी येते.

यंदा अकोल्याच्या माझ्या नणंदबाईंनी सुचवलं की वर्तमानपत्राच्या रद्दीपासून केलेल्या पेन्सिली देऊ या. त्यांच्या ओळखीच्या चार-पाच बायका त्या घरी वळतात. नमुना म्हणून त्यांनी डझनभर पाठवल्या, आणि मंडळात लगेच तीन तट पडले. एक तट म्हणाला, "झाडं वाचतील, प्रत्येक मुलाला पाच-पाच द्या." दुसरा म्हणाला, "साधी पेन्सिल पाच रुपयांत मिळते, मग नऊ कशाला मोजायचे?" आणि आमच्या मंडळातल्या सर्वांत ज्येष्ठ बाईंनी शांतपणे विचारलं, "छापलेली अक्षरं सोलून सोलून कचऱ्यात टाकायची? ही ज्ञानाची आसादना नाही का?"

तिघींच्याही म्हणण्यात काही तरी तथ्य आहे. म्हणून हा विषय सावकाश बघायचा ठरवला. माझं मत आधीच सांगते : कागदाची पेन्सिल चांगली आहे, जरूर घ्यावी. पण तिचं पुण्य ती कशाची केली यात थोडं आणि ती किती वापरली यात जास्त आहे.

ही पेन्सिल असते तरी काय?

आपण मराठीत 'शिसपेन्सिल' म्हणतो, पण तिच्यात शिसं नसतंच. आतली काळी काडी ग्रॅफाइट आणि चिकणमाती यांची असते. ही दोन्ही कालवून, भट्टीत भाजून काडी करायची पद्धत फ्रान्समध्ये काँते नावाच्या माणसाने 1795 मध्ये काढली. माती जास्त तर काडी कडक आणि रेघ फिकी. ग्रॅफाइट जास्त तर काडी मऊ आणि रेघ गडद. पेन्सिलीवर एचबी, टू-बी लिहिलेलं असतं ते हेच. काडी कोणत्याही पेन्सिलीत हीच असते. फरक असतो तो तिच्या अंगरख्यात.

लाकडी पेन्सिलीत दोन फळ्यांना खाचा पाडून मध्ये काडी ठेवतात आणि फळ्या एकमेकींवर चिकटवतात. कागदाच्या पेन्सिलीत वर्तमानपत्र पेन्सिलीच्या लांबीइतकं कापतात, त्याला गोंद लावतात, कडेला काडी ठेवतात आणि घट्ट गुंडाळतात. मग ती सावलीत वाळवायची, टोकं कापायची आणि वरून साधा किंवा रंगीत कागद लावायचा. अकोल्याच्या त्या बायकांपैकी एकीला मी विचारलं की यात कठीण काय? ती म्हणाली, "गुंडायनं सोपं हाय जी बाई, वाळेपर्यंत धीर धरनं कठीण." ओली राहिली तर काडी आत सरकते आणि टोक करताना निसटते. माझ्या डझनातल्या एका पेन्सिलीला तसं झालं. बाकीच्या अकरा बऱ्या निघाल्या. शार्पनरचं पातं मात्र धारदार हवं. बोथट पात्याने कागदाच्या दशा निघतात. पावसाळ्यात दप्तर भिजलं तर ही पेन्सिल फुगते, हेही मुलांना आधीच सांगून ठेवावं.

आणि ही कल्पना काही आजची नाही. अमेरिकेत ब्लेसडेल नावाच्या कारखानदाराने 1890 च्या दशकात कागद गुंडाळलेल्या पेन्सिली काढल्या होत्या. दोरा ओढायचा, कागदाची एक पट्टी सोलायची की पुढची काडी उघडी. प्रयोगशाळेत काचेवर खूण करायची मेणाची पेन्सिल ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हा प्रकार ठाऊक असेल.

झाडं वाचतात का?

वाचतात, पण जाहिरातीत म्हणतात तेवढी नाही. मी वाणिज्य शाखेची. जमेची बाजू वाचली की खर्चाची बाजू शोधायची सवय आहे.

आपल्याकडच्या पेन्सिलींचं पुष्कळसं लाकूड काश्मीरमधून येतं. पुलवामा जिल्ह्यातलं औखू हे गाव पेन्सिलीच्या पट्ट्यांसाठी ओळखलं जातं. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख झाला, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांनी ते नाव पहिल्यांदा ऐकलं. तिथलं लाकूड पॉप्लरचं. ते लोक मुद्दाम लावतात, वाढवतात आणि मग तोडतात. म्हणजे पेन्सिलीसाठी कोणी मेळघाटातला साग तोडत नाही. हे मुलांना सांगताना खरं तेच सांगावं. सत्य हेही अणुव्रतच आहे, आणि चांगल्या कामासाठी अतिशयोक्ती केली तरी ती अतिशयोक्तीच.

दुसरी गोष्ट रद्दीची. आपण रद्दीवाल्याला कागद देतो तो वाया जात नाही. तो गिरणीत जातो, त्याचा लगदा होतो आणि पुन्हा कागद किंवा पुठ्ठा होतो. दर खेपेला त्यातले तंतू आखूड होत जातात, पण दोन-चार जन्म तरी तो घेतोच. पेन्सिल झालेला कागद मात्र गोंदासकट सोलला जातो आणि तिथे त्याचा प्रवास संपतो. म्हणजे लाकूड वाचलं खरं, पण कागदाचा फेराही थांबला. दोन्ही बाजू मांडल्या तर नफा आहे, पण थोडा.

पण लाकडापलीकडेही एक नफा आहे. ही पेन्सिल यंत्राशिवाय किंवा छोट्याशा यंत्रावर घरात होते. पऱ्हाटी आणि तूर यांवर संसार चालणाऱ्या आपल्या वऱ्हाडात, शेतातलं काम नसेल त्या महिन्यांत बाईच्या हाताला सावलीत बसून चार पैशांचं काम मिळतं. जास्तीचे चार रुपये मी झाडाच्या नावावर लिहीत नाही, त्या हातांच्या नावावर लिहिते. मग ते मला महाग वाटत नाहीत.

आसादनेचा प्रश्न

ज्येष्ठ बाईंचा आक्षेप काही जणींनी हसण्यावारी नेला. मला तो हसण्यासारखा वाटत नाही. आदिपुराणात कथा आहे की भगवान ऋषभदेवांनी आपल्या दोन मुलींना विद्या दिली, ब्राह्मीला अक्षरं आणि सुंदरीला अंक. ज्या परंपरेत पहिल्या तीर्थंकरांनी लेकीला अक्षर शिकवलं, तिथे अक्षराबद्दल विनय असणारच. कागदाला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. माझ्या आजीने छापील कागदावर भजी कधी निथळू दिली नाहीत. तिचं कारण विनयाचं होतं. आता अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही 2016 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये सांगितलं की छपाईची शाई अन्नात उतरते, म्हणून वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका. आजीचा नियम दोन्हीकडून बरोबर निघाला.

आणि आपण तर अमरावतीकर. षट्खंडागमावरची आचार्य वीरसेनांची धवला टीका मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर शतकानुशतकं बंद होती. ती संपादित होऊन छापली गेली ती आपल्या गावातून. इथल्या किंग एडवर्ड कॉलेजचे, म्हणजे पुढे विदर्भ महाविद्यालय झालेल्या संस्थेचे, प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी ते काम हाती घेतलं आणि 1939 मध्ये पहिला भाग निघाला. पुढे एकूण सोळा भाग झाले. श्रुतपंचमी ज्या षट्खंडागमाच्या पूर्ततेची आठवण, तो ग्रंथ छापील रूपात आपल्या गावाने जगाला दिला. अशा गावात कुणी अक्षरांची काळजी करत असेल तर ते शोभूनच दिसतं.

पण आसादना म्हणजे काय, हे शास्त्रातच बघावं. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात ज्ञानावरणीय कर्म कशाने बांधलं जातं, याची सहा कारणं दिली आहेत. त्यात निह्नव आहे, म्हणजे येत असलेलं लपवणं. मात्सर्य आहे, म्हणजे मत्सराने न शिकवणं. अंतराय आहे, म्हणजे ज्ञानात अडथळा आणणं. आणि आसादनही आहे. सर्वार्थसिद्धी या टीकेत पूज्यपाद आचार्यांनी आसादनाचा अर्थ केला आहे तो असा : दुसरा जे ज्ञान प्रकट करतो आहे, त्याला आपल्या शरीराने किंवा वाणीने अडवणं. तिथे कागदाचा विषय नाही, माणसाचा आहे. कागदाचा मान राखणं हा विनय. तो हवाच. पण शिकणाऱ्याच्या आणि ज्ञानाच्या मध्ये उभं राहणं, हा खरा दोष.

या कसोटीवर मला कागदाची पेन्सिल दोषी दिसत नाही. कालच्या बाजारभावांचं पान आज एका मुलाला 'अ' गिरवायला मदत करतं, तर ते पान ज्ञानाच्या बाजूलाच आलं. ज्या वर्तमानपत्राने आपण खिडकीच्या काचा पुसतो आणि कपाटाचे खण मढवतो, त्याला पेन्सिल होण्याची गती वाईट नव्हे.

एक पथ्य मात्र जरूर पाळावं. महावीर जयंतीच्या आणि पर्युषणाच्या दिवसांत वर्तमानपत्रांत भगवंतांची चित्रं येतात, णमोकार मंत्र छापतात. ती पानं रद्दीत घालायच्या आधी वेगळी काढावीत. अकोल्याच्या बायकांना नणंदबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच मान्य केलं. त्या म्हणाल्या, "आमीबी देवाचे फोटू काढूनच ठेवतो."

आणि बोलतेच आहे तर हेही बोलून घेते. अक्षरांची एवढी काळजी आहे, तर आपल्या लग्नपत्रिकांचं काय? प्रत्येक पत्रिकेवर भगवंतांचं चित्र, वर मंत्र, पाचशे-हजार प्रती. कार्य झाल्यावर त्या फाडवत नाहीत, टाकवत नाहीत, रद्दीतही देववत नाहीत. मंदिराच्या कोपऱ्यात त्यांचे गठ्ठे साठतात. पत्रिकेवर साधं 'जय जिनेंद्र' छापलं तर काय बिघडेल? पेन्सिलीआधी या आसादनेवर मंडळाने ठराव करावा, असं माझं मत आहे.

साडेसहा मीटर तुकडे

आता हिशेब. सुंदरीची विद्या माझ्या वाट्याला आली आहे, तर ती वापरू दे.

वर्षअखेरीस पाठशाळेतला खोका आम्ही रिकामा करतो. मुलं विसरून जातात त्या वस्तू त्यात टाकलेल्या असतात. यंदा त्यात पेन्सिलीचे 86 तुकडे निघाले. फूटपट्टी लावून सगळे मोजले. 51 तुकडे सहा सेंटिमीटरपेक्षा मोठे होते. सगळे एका ओळीत लावले तर साडेसहा मीटर भरले. नवी पेन्सिल साधारण साडेसतरा सेंटिमीटरची असते. म्हणजे जवळजवळ 37 कोऱ्या पेन्सिलींएवढी लांबी त्या खोक्यात पडून होती, आणि आपण साठ मुलांसाठी नव्या पेन्सिलींचा विचार करत होतो.

मूल पेन्सिल सहा सेंटिमीटरवर टाकून देतं, कारण ती बोटांत बसत नाही. त्यात मुलाचा दोष नाही. पण सहा म्हणजे साडेसतराचा तिसरा हिस्सा. तीन पेन्सिली टाकल्या की एक पूर्ण पेन्सिल न वापरता गेली. तीच पेन्सिल अडीच सेंटिमीटरपर्यंत वापरली तर पंधरा सेंटिमीटर कामी येते. सहावर टाकली तर साडेअकरा. म्हणजे चार पेन्सिलींचं काम जवळजवळ तीन पेन्सिलींत होतं. पेन्सिल लाकडाची असो की कागदाची, हे गणित बदलत नाही.

तुकडा बोटांत बसायला उपाय सोपा आहे. आमच्या लहानपणी भाऊ ज्वारीच्या धांड्यातला गाभा कोरून त्यात तुकडा बसवायचे. आता धांडा मिळत नसेल तर जुन्या कॅलेंडरचा जाड कागद घ्या. बोटाएवढी रुंद घडी सोडून तुकड्याभोवती सात-आठ वेढे गुंडाळा, शेवटच्या वेढ्याला गोंद लावा, वाळू द्या. दहा सेंटिमीटरची नळी झाली. एक तुकडा संपला की त्याच नळीत दुसरा. मुलांना हे करायला फार आवडतं. माझ्या मते टाकाऊपासून केलेली सर्वांत उत्तम पेन्सिल हीच, कारण हिच्यासाठी बाजारातून काहीच आणावं लागत नाही.

व्रत कुठे येतं?

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरती आहे, हे आपण सगळ्या जणी पाठशाळेत शिकलो. विनाकारण होणाऱ्या पापापासून दूर राहणं. संसार आहे तर पाणी लागणार, चूल पेटणार, भाजी चिरली जाणार. ते अर्थासाठी. पण गरज नसताना माती खणणं, पाणी सांडणं, अग्नी पेटवणं, झाडाची फांदी मोडणं, याला समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात प्रमादचर्या म्हटलं आहे. पेन्सिलीत बघा, वनस्पतिकायाचं लाकूड आहे, पृथ्वीकायाचं ग्रॅफाइट आणि माती आहे, काडी भाजायला अग्नी आहे, गोंदात पाणी आहे. एवढे एकेंद्रिय जीव कामी आले ते मुलाने लिहावं म्हणून. लिहिलं तर ते अर्थासाठी झालं. अर्धी टाकली तर उरलेलं सगळं अनर्थात गेलं.

याच व्रताच्या अतिचारांत तत्त्वार्थसूत्रात एक लांबलचक शब्द येतो, उपभोगपरिभोगानर्थक्य. लहानपणी तो उच्चारताना आमची जीभ अडखळायची. अर्थ अगदी घरगुती आहे. लागतं त्यापेक्षा जास्त वस्तू जमवून ठेवणं. प्रत्येक मुलाला पाच-पाच पेन्सिली द्याव्यात, असं म्हणणाऱ्या मैत्रिणींना माझा हाच प्रश्न आहे. झाड वाचवायच्या नावाखाली पाच दिल्या आणि चार खणात पडल्या, तर आपण मुलाला पर्यावरण शिकवलं की परिग्रह?

गांधीजींची एक गोष्ट काकासाहेब कालेलकरांनी लिहून ठेवली आहे. 1915 मध्ये मुंबईत काँग्रेसचं अधिवेशन होतं. गांधीजी टेबलाभोवती काही तरी शोधत होते. काय, तर पेन्सिलीचा इवलासा तुकडा. काकासाहेब आपली पेन्सिल देऊ लागले, पण गांधीजींना तीच हवी होती. मद्रासच्या नटेसन यांच्या लहान मुलाने ती प्रेमाने दिली होती, ती हरवून कसं चालेल? दोघांनी शोधली तेव्हा सापडली, दोन इंचांहूनही लहान. ही गोष्ट नेहमी काटकसरीची म्हणून सांगतात. मला ती देणाऱ्याच्या मानाची वाटते. अकोल्याच्या बाईने सावलीत वाळवलेली पेन्सिल मुलाने सांभाळावी ती तेवढ्याचसाठी.

आणि गांधीजींपर्यंत तरी कशाला जायचं? आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावी 1876 मध्ये जन्मलेले गाडगेबाबा अंगावर चिंध्यांचा अंगरखा आणि हातात मडक्याचं गाडगं घेऊन हिंडले, आणि लोकांना सांगत राहिले की पोटाला चिमटा घ्या, पण मुलांना शिकवा. स्वतःला चिंधी पुरे, मुलाला शाळा हवीच. कुठे कमी करायचं आणि कुठे कमी करायचं नाही, हे ज्याला कळलं, त्याला अपरिग्रह कळला.

घेताना काय बघाल?

गोंद विचारा. पूर्वी लाकूडकामात सरस वापरत. सरस म्हणजे जनावरांची कातडी-हाडं उकळून काढलेला चिकट पदार्थ. तो आपल्याला चालणार नाही. आता बहुतेक ठिकाणी पांढरा कृत्रिम गोंद असतो, पण विचारल्याशिवाय घेऊ नका. मैद्याची खळ ऐकायला शुद्ध वाटते, पण तिला कसर लागते, म्हणजे त्रस जीवांची हिंसा. कसर लागू नये म्हणून बाइंडर खळीत मोरचूद घालतात, आणि मुलं तर पेन्सिल चावतात. म्हणून खळीची नको.

वरचा थर बघा. छापील कागद थेट बाहेर असेल तर घेऊ नका. वर कोरा कागद हवा. शाई पोटात जाऊ नये आणि अक्षरं उघड्यावर सोलली जाऊ नयेत, दोन्ही साधतं.

प्लॅस्टिकची पेन्सिल ओळखा. सोलताना कागद किंवा लाकडाऐवजी रबरासारखी चिवट फीत निघाली तर ती प्लॅस्टिकची. तिचं वेष्टन कितीही हिरवं असो, सोललेलं कातडं मातीत जिरणार नाही.

बियांच्या पेन्सिलींचंही सध्या कौतुक आहे. शेवटी एक कुपी, तिच्यात तुळशीचं किंवा टोमॅटोचं बी. पेन्सिल संपली की कुंडीत खोचायची. माझी हरकत बियाला नाही, खणाला आहे. बी म्हणजे सचित्त. ते वेळेवर मातीत गेलं तर रोप होईल. पण आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात दप्तरात तापत पडलं, तर जीवही गेला आणि रोपही नाही. ज्या मुलाच्या घरी कुंडी आहे आणि पाणी घालणारं कोणी आहे, त्यालाच ती द्यावी.

मंडळाला माझा प्रस्ताव

आपण दर वर्षी साठ मुलांना दोन-दोन साध्या पेन्सिली देतो. 120 पेन्सिली, पाच रुपयांप्रमाणे 600 रुपये. कागदाच्या 120 घेतल्या तर नऊप्रमाणे 1080 होतील, आणि कोषाध्यक्षबाई नाही म्हणतील. त्यांचं बरोबरच आहे. म्हणून कागदाची एकच पेन्सिल द्यावी. साठ पेन्सिलींचे 540 रुपये. उरलेल्या 60 रुपयांत पाच रुपयांचे बारा चांगले शार्पनर घेऊन पाठशाळेत ठेवावेत. खर्च तेवढाच, अकोल्याच्या बायकांना काम, आणि मुलाच्या हातात एक अशी वस्तू की जी दुसरी नाही म्हणून सांभाळावीच लागेल.

दुसरी पेन्सिल खोक्यातून द्यावी. ते 86 तुकडे आणि कॅलेंडरच्या नळ्या. श्रुतपंचमीच्या दुपारी मुलांना बसवून नळ्या करवून घ्याव्यात. जुनी कॅलेंडरं प्रत्येकीच्या घरी आहेत. त्यावर भगवंतांचं चित्र असेल तर तेवढा भाग आधी कापून घ्यावा.

आणि नियम एकच ठेवावा. नवी पेन्सिल हवी असेल तर जुनीचा तुकडा आणून दाखवायचा, अडीच सेंटिमीटर किंवा त्याहून लहान. मोठा असेल तर नळी मिळेल, पेन्सिल नाही. पण एखाद्याची खरंच हरवली असेल, तर प्रश्न न विचारता द्यायची. तिथे काटकसर करायची नाही. लिहायला बसलेल्या मुलाला पेन्सिलीसाठी थांबवणं, हा अंतराय होईल.

ज्येष्ठ बाईंना हे सगळं मी घरी जाऊन वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "सोललेलं काय करणार?" ते माझ्या यादीत नव्हतं. त्यांनीच सुचवलं की पाठशाळेत एक डबा ठेवावा आणि भरला की मंदिरामागच्या पारिजातकाच्या आळ्यात उलटावा. कुणाचा पाय पडणार नाही. ठरावात हे कलम त्यांच्या नावाने घातलं आहे. येत्या बैठकीला सगळ्या जणींनी यावं, आणि येताना घरातले पेन्सिलीचे तुकडे घेऊन यावं.

जय जिनेंद्र.